वाळवंटातला चिखल

वाळवंटात गाडी कुठे रुतेल, असे नवख्याला विचारले तर तो वाळूच्या टेकडीकडे बोट दाखवतो. इथे बरेच हिवाळे काढलेला माणूस मात्र टेकडी सरळ चढून जातो आणि पलीकडचे सपाट, पांढुरके, रस्त्यासारखे गुळगुळीत मैदान दिसले की ब्रेकवर पाय ठेवतो. वाळूत रुतलेली गाडी अर्ध्या तासात निघते. त्या मैदानात रुतलेली गाडी काढायला कधी दिवस जातो, कधी क्रेन बोलवावी लागते. कारण ते मैदान वाळूचे नसतेच. ते मिठाच्या पोपड्याखाली झाकलेल्या चिखलाचे असते. त्याला इथे सबखा म्हणतात.

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे माहीत असायला हवे, कारण वाळवंट आमच्या उंबऱ्याशी आहे. एका बाजूला शेख मोहम्मद बिन झायेद रोड, दुसऱ्या बाजूला एमिरेट्स रोड, कडेने अल ऐनला जाणारा रस्ता. एमिरेट्स रोड ओलांडला की टेकड्या सुरू होतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात शनिवारी सकाळी इथल्या पार्किंगमधून तंबू, शेगडी, मिसळीचा कट आणि पोरेबाळे भरून फोर बाय फोर गाड्या बाहेर पडतात. कोणी अल कुद्राकडे, कोणी हत्ता रस्त्याने लहबाब आणि अल बदायरच्या लाल टेकड्यांकडे, कोणी म्लेहाला. या सगळ्यांनी वाळूत गाडी चालवण्याचे धडे घेतलेले असतात. चिखलाचा धडा सहसा कोणी घेत नाही. दुबईत चिखल कुठून येणार, असे वाटते ना!

तो येतो समुद्रातून आणि जमिनीखालून. अबू धाबीपासून पश्चिमेला सौदी सीमेपर्यंतचा किनारा जवळजवळ सपाट आहे. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा थोडा आत होता; तो मागे सरकत गेला तसा त्याच्या जुन्या तळाचा गाळ उघडा पडला. या गाळाखाली, बऱ्याच ठिकाणी मीटरभर खोलीवरच, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट पाणी आहे. वर वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस नाही आणि ऊन मात्र भरपूर. खालचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागाशी येऊन उडून जाते आणि आपले क्षार तिथेच टाकते. आधी जिप्सम, मग मीठ. वर्षानुवर्षे हे चालले की पृष्ठभागावर कडक पोपडा तयार होतो. दुधावर साय धरावी तसा तो दिसायला घट्ट, पण त्याखाली सगळे पातळ.

वसई, भाईंदर, उरणकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे माणूस बांध घालून जे करतो ते इथे ऊन आणि भूजल आपणच करतात, फक्त शेकडो चौरस किलोमीटरवर. १९६० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डग्लस शिअरमन आणि त्यांचे सहकारी अबू धाबीच्या किनाऱ्यावर येऊन हा गाळ खणत बसले, तेव्हा त्यांना त्यात अ‍ॅनहायड्राइट हे खनिज आजच्या काळात तयार होताना सापडले. तोपर्यंत भूवैज्ञानिकांना ते प्राचीन खडकांतच माहीत होते. आखाती तेलाच्या दृष्टीने ही बाब मोठी होती. सौदी अरेबियातल्या प्रचंड तेलसाठ्यांवर झाकणासारखा बसलेला हिथ नावाचा थर अ‍ॅनहायड्राइटचाच आहे. म्हणजे ज्या मिठाच्या मैदानांत आपल्या गाड्या रुततात, तसल्याच जुन्या थरांनी त्या गाड्यांचे इंधन कोट्यवधी वर्षे जमिनीत कोंडून ठेवले.

सबखा किनाऱ्यावरच असते असे नाही. आत, टेकड्यांच्या ओळींमध्ये जिथे भूजल वर येते तिथेही ती असते. लिवाच्या प्रचंड टेकड्यांमधली सपाट मैदाने अशीच आहेत. सगळ्यांत मोठी आणि बदनाम म्हणजे सबखत मत्ती. सौदी सीमेजवळ किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत ती पसरली आहे. विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने १९४८ साली उंटांवरून रबअल खाली या वाळवंटाची दुसरी मोठी सफर पुरी करताना ती पार केली. उंट वाळूचा राजा, पण ओल्या चिखलात तो माणसापेक्षाही हतबल होतो. त्याला खूर नाहीत, आहेत ते रुंद मऊ तळवे. वाळूत ते बुडत नाहीत; निसरड्या चिखलावर मात्र त्यांना पकड नसते आणि पाय फाकून उंट पडला तर तो पुन्हा उठेलच याची खात्री नसते. जुने बदू टोळीवाले सबखा टाळून दोन दिवसांचा वळसा घ्यायला तयार असत, ते उगाच नाही.

आता गाडीकडे येऊ. वाळूत उतरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करतात, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असते. का, हे मात्र मोठ्यांनाही विचारावे लागते. गणित सोपे आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण टायरच्या आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. दोन हजार किलोची गाडी घ्या. प्रत्येक चाकावर पाचशे किलो. रस्त्यावरचा ३५ पीएसआय दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. पाचशे किलो पेलायला टायरचा दोनशे चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. हवा १५ पीएसआयवर आणली की दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या जवळ येतो आणि टेकलेला भाग पावणेपाचशे चौरस सेंटिमीटर होतो. गाडी तेवढीच जड, पण जमिनीला ती निम्म्याहून हलकी वाटते.

सबखेवर हेच गणित दगा देते. आपण गाडीतून उतरून पोपड्यावर चालून बघतो, पाय बुडत नाही, आणि निर्धास्त होतो. सत्तर किलोचा माणूस एका पायावर असतो तेव्हा त्याच्या बुटाखाली दाब असतो चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास, फार तर तिसरा हिस्सा किलो. हवा कमी केलेली गाडीसुद्धा त्याच्या तिप्पट दाब देते, रस्त्यावरच्या दाबाची गाडी सातपट. म्हणून नुसते चालून बघणे उपयोगाचे नाही. सगळा भार एका टाचेवर घेऊन ती जोरात मारली तर दाब दीड किलोच्या घरात जातो आणि गाडीच्या दाबाशी थोडीफार बरोबरी होते. टाच पोपडा फोडून आत गेली, खड्ड्यात ओल दिसली, तर तिथे गाडी न्यायची नाही. टाच गेली नाही म्हणजे परवानगी मिळाली असेही नाही. टाचेचा भार वरच्या चार बोटांतच संपतो. रुंद टायरचा भार फूटभर खोल पोचतो. तेव्हा तंबूचा लोखंडी खुंटा किंवा लांब सळई खुपसून पाहावी. वर खट्ट लागून पुढे ती लोण्यात शिरल्यासारखी गेली, की मागे फिरावे.

डोळ्यांनीही बरेच कळते. पृष्ठभाग मधमाशीच्या पोळ्यासारख्या बहुकोनी तुकड्यांत फुटलेला आणि त्यांच्या कडा वर उचललेल्या; कोरड्या भागाच्या मधोमध गडद, ओलसर डाग; झाडोरा एकदम संपणे किंवा फक्त मीठ सोसणारी बुटकी मांसल झुडपे उरणे; पूर्वी फसलेल्या गाड्यांच्या खोल, कडा वाळलेल्या चाकोऱ्या. समुद्राजवळ तर ओहोटीच्या पट्ट्यात काळसर, चामड्यासारखा शेवाळाचा थर असतो. त्यावर माणूससुद्धा घसरतो. सगळ्यांत फसवे ते वाऱ्याने वर पातळ वाळू पसरलेले पट्टे. वरून टेकडीचा पायथा वाटतो, खाली सबखा. ताजे टायरचे माग दिसले म्हणून त्यावरून जायचे, हा सल्ला अर्धाच खरा: ती गाडी दुपारी गेली असेल आणि तुम्ही पहाटे जात असाल.

वेळेचा हा मुद्दा फारसे कोणी सांगत नाही. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून विरघळू लागते. त्यात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असले तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाही. हिवाळ्यात इथे पहाटे दाट धुके पडते, आर्द्रता शंभराला टेकते. रात्रभर पोपडा ओल पितो आणि मऊ होतो. दुपारी तीनला जो ट्रॅक कडकडीत होता, तोच सकाळी सहाला पुरणासारखा. म्हणून सबखेजवळ तंबू ठोकला असेल तर सकाळी घाई करू नये. चहा पुन्हा टाकावा. ऊन वर आले की निघावे.

आणि पाऊस. पावसाने वाळवंटाचा नकाशाच उलटा होतो, हे कळायला मला काही वर्षे लागली. कोरडी वाळू म्हणजे सुटे कण. चाक पडले की ते बाजूला सरतात. थोड्या ओलीने कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि वाळू घट्ट धरते. किल्ले बांधणाऱ्या पोरांना हे ठाऊक असते. त्यामुळे हलक्या पावसानंतर टेकड्या चढायला सोप्या होतात. सबखेत मात्र गोडे पाणी पडले की ते पोपडा भिजवतेच आणि त्यातले मीठ विरघळवते. मीठ हेच त्या पोपड्याचे सिमेंट. ते गेले की उरतो फक्त गाळ. कालपर्यंत जी टेकडी अवघड आणि मैदान सोपे होते, त्यांची आज अदलाबदल झालेली असते. पाऊस थांबला म्हणून मैदान वाळले असेही नाही, कारण खालचे पाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते आणि वरचे पाणी मुरायला जागाच नसते. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापुरात काळ्या रानात शेतकरी वाफसा येईपर्यंत औत घालत नाही, बैलगाडीही नेत नाही. तिथे पाच-सहा दिवस ऊन पडले की काम होते. सबखेला वाफसा यायला आठवडे लागतात.

काळ्या मातीची सवय असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. आपली काळी माती चिकट असते; ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होऊन घसरतो. म्हणून आपल्याकडे मोठ्या खाचांचे चिखलाचे टायर उपयोगी, ते माती झटकून टाकतात. तेच टायर सबखेवर घातक, कारण त्यांचे उंच ठोकळे पोपडा कुदळीसारखे उकरतात. इथल्या बहुतेक एसयूव्हींच्या टायरवर बाजूला एम आणि एस ही अक्षरे असतात. ती चिखल आणि बर्फ यांची आद्याक्षरे आहेत, आणि ती वाचून अनेकांना धीर येतो. तो अनाठायी आहे. ही खूण उत्पादक टायरच्या खाचांची रचना पाहून स्वतःच देतो. त्यासाठी पकडीची कुठलीही चाचणी लागत नाही. बर्फावरची चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चित्र असते. दोन्हींत फरक आहे.

शिकारीचा विषय इथे अपरिहार्यपणे येतो, कारण हिवाळ्यात चिखलातून जाण्याची परंपरा इथे शिकाऱ्यांचीच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. अमिरातीतही १९८३ च्या संघीय कायद्याने बंदी आली, आणि तंबूशेजारी दिसलेल्या सशावर वा पक्ष्यावर हात टाकणे हा इथे गुन्हा आहे. पण ससाण्यांची शिकार हा अरबांच्या जगण्याचा भाग होता. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा हुबारा, म्हणजे तणमोराच्या कुळातला पक्षी, मिळाला तर महिनोन्महिने खजूर-दुधावर राहणाऱ्या टोळीला मांस मिळे. थेसिजर १९४० च्या दशकाअखेरीस अल ऐनजवळ शेख झायेद यांच्यासोबत अशा शिकारीला गेला होता. पुढे देशाचे अध्यक्ष झाल्यावर झायेद यांनीच १९७६ साली अबू धाबीत ससाणा पाळणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली आणि १९९५ पासून हंगाम संपल्यावर ससाणे रानात सोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. २०१० साली ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंदली गेली. आज अबू धाबीच्या अल धफ्रा भागातल्या अल मरझूम राखीव क्षेत्रात, पैदास केंद्रांतल्या हुबारावर, नियमांत राहून ही शिकार करता येते. बाकी शौकीन कझाकस्तान, उझबेकिस्तान, मोरोक्को, पाकिस्तानपर्यंत जातात. या शिकारसफरीला ते मक्नास म्हणतात.

तिचा हंगाम ठरतो आकाशावरून. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे दक्षिणेला सुहैल तारा उगवला की उन्हाळ्याचा जोर मोडला, असे इथले लोक मानतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. अगस्त्योदय झाला की नद्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. एकाच ताऱ्याने आपला चिखल खाली बसतो आणि इथला, दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या हिवाळी पावसात, वर येतो. ससाणेवाल्यांची मोठी अडचण अशी की त्यांची नजर आकाशात असते. ससाणा हुबाराच्या मागे सुटला की गाडी त्याच्या मागे सुटते, आणि हुबाराला नेमकी उघडी सपाट मैदाने आवडतात. म्हणून जाणते लोक एक माणूस फक्त जमीन बघायला ठेवतात. आमच्या हौशी सहलींतही हेच करायला हवे: शेजारी बसलेल्याने फोनकडे नाही, पुढच्या जमिनीच्या रंगाकडे बघायचे.

एवढे करूनही गाडी फसते. पहिले काम, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढणे. वाळूत जरा जोर लावला तर कधीकधी गाडी सुटते. सबखेत प्रत्येक फेऱ्याला चाक पोपडा कापत खाली जाते आणि खालचा गाळ आणखी पातळ होतो. हे का घडते, ते अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन यांच्या गटाने २००५ साली ‘नेचर’मध्ये दाखवले. त्यांनी इराणमधल्या मिठाच्या सरोवराजवळची रुतणवाळू अभ्यासली: बारीक वाळू, चिकणमाती आणि खारे पाणी. हलली नाही तोवर ती घट्ट. हलवली की पातळ होते. आणि मग वाळू खाली बसून तळाशी असा घट्ट गच्च थर होतो की त्यातला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने ओढून काढायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतके बळ लागेल. त्याच प्रयोगातून दिलासाही मिळाला. या गाळाची घनता माणसाच्या दुप्पट असते, त्यामुळे माणूस कमरेहून जास्त बुडतच नाही. सिनेमात हॅटच तेवढी वर तरंगते, ते खोटे. पाय अडकला तर जोराने उपसू नये. बारीक हालवत राहावे, म्हणजे भोवती पाणी शिरून तो सुटतो. मोटार मात्र माणूस नाही, तिला पोट टेकेपर्यंत बुडता येते.

म्हणून दुसरे काम, सगळ्यांनी उतरून मुलांना घट्ट जमिनीवर नेणे, आणि तिसरे, शांतपणे खणणे. गाडी पुढे नेण्याचा मोह सोडावा. तुम्ही जिकडून आलात तिकडची जमीन तुमच्या गाडीला पेलली होती. पुढचीची खात्री नाही. चाकांच्या मागे उताराची वाट करावी, चाकांभोवतीचा गाळ काढावा म्हणजे हवा आणि पाणी आत शिरून शोषण सुटते. गाडीचे पोट टेकले असेल तर खालचा गाळ काढल्याशिवाय कोणतेही ओढणे फुकट. घाटात आपण चाकाखाली दगड आणि फांद्या टाकतो. इथे दगडही नाहीत आणि फांद्याही. प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्या बरोबर हव्यात, नाहीतर पायपुसणी. जॅकखाली फळी हवी, फूटभर रुंद जाड प्लायवूडचा तुकडा असेल तर उत्तम, नाहीतर जॅकच आधी चिखलात जातो. टायरची हवा बारा पीएसआयपर्यंत उतरवता येते, पण मग स्टिअरिंग झटक्याने वळवू नये, टायर रिमवरून निसटतो.

दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल तर ती गाडी पोपड्यावर येता कामा नये. ऐकायला सोपे वाटते, पण एक गाडी फसल्यावर मदतीला गेलेली दुसरी आणि मग तिसरी फसणे, हा सबखेवरचा नेहमीचा क्रम आहे. त्यासाठी दोर लांब हवा, आणि दोन जोडता येतील असे. दोर अडकवायचा तो गाडीच्या सांगाड्यावरच्या मजबूत कडीत. ट्रेलर ओढायचा जो गोल बॉल मागे असतो त्याला कधीही नाही. तो ताणाखाली तुटतो आणि तोफगोळ्यासारखा उडतो. यात जगभर माणसे मेली आहेत. ताणलेल्या दोरावर ओली सतरंजी टाकावी, म्हणजे तुटला तर चाबकासारखा फिरणार नाही, आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे. आपल्या मंडळींना अशा वेळी दोराजवळ उभे राहून व्हिडिओ काढायची भारी हौस! जमत नसेल तर थांबावे. गाडी सोडून चालत निघू नये. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही. पोलिसांचा ९९९ हा क्रमांक आहे, आणि घरी कोणाला तरी जाण्यापूर्वीच ठिकाण आणि परतीची वेळ सांगून ठेवलेली असावी.

डोंगरातला चिखल वेगळ्या जातीचा असतो, आणि त्यात गाडी वाचवण्याचा प्रश्नच येत नाही. हजर नावाचे इथले डोंगर उघडे, खडकाळ. पाणी मुरायला माती नाही. पाऊस तिकडे कुठेतरी पडतो आणि कोरड्या वादीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, उन्हात बसलेल्या माणसावर चिखल-दगडांचा लोंढा येतो. २०२२ च्या जुलैत फुजैरा भागातल्या पुरात सात जणांचा जीव गेला. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. दुबईत त्या दिवशी वर्षभराहून जास्त पाऊस पडला आणि मोठ्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. कायदा आता कडक आहे. पावसात वादी, धरण वा पुराजवळ गर्दी केली तर १,००० दिरहम आणि सहा काळे गुण. वाहत्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम, तेवीस गुण आणि साठ दिवस गाडी जप्त. चोवीस गुणांना परवाना जातो, म्हणजे एका धाडसानंतर एकच गुण शिल्लक. हा दंड मला जास्त वाटत नाही.

बर्फाबद्दल थोडक्यातच, कारण इथे तो थोडकाच आहे. रास अल खैमाच्या जबल जैसवर २००४, २००९ आणि २०१७ साली बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत. आणि स्की दुबई आहे, पण तिथे गाडी नेत नाहीत. खरा बर्फ भेटतो तो सुटीत जॉर्जियाला किंवा अल्माटीला गेल्यावर, जिथे इथले ससाणेवालेही जातात. मंगोलियाच्या पश्चिमेला बायान-उल्गीत गरुड पाळणारे कझाक शिकारी मुद्दाम बर्फातच निघतात, कारण ताज्या बर्फावर कोल्ह्याचे ठसे स्पष्ट दिसतात. वाळवंटात गाडी चालवणाऱ्याला खोल, मऊ बर्फ परका नाही. आइसलँडचे लोक हिमनद्यांवर प्रचंड टायरच्या जीप तीन-चार पीएसआय हवेवर चालवतात. दाब पसरवण्याचीच युक्ती. पण दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यावर ती लागू नाही. तिथे टायरचे रबर महत्त्वाचे: साधे टायर सात अंशांखाली कडक होऊन पकड सोडतात. हवा पुरी ठेवावी, भाड्याच्या गाडीला हिवाळी टायर आहेत ना ते हिमकणाचे चित्र पाहून तपासावे आणि साखळ्या लावायचा सराव हॉटेलच्या अंगणात करावा, घाटात नाही.

थंडीचा एक धोका मात्र वाळवंटातही तितकाच खरा. अल ऐनजवळच्या रकनाहमध्ये २०२१ च्या जानेवारीत पारा शून्याखाली गेला होता. चिखलात खणून घामाने आणि खाऱ्या पाण्याने भिजलेला माणूस सूर्य मावळल्यावर सुती शर्टात कुडकुडू लागतो, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब ओढून घेते. एक कोरडा लोकरी किंवा फ्लीसचा जोड, पायमोज्यांसकट, पिशवीत बांधून ठेवावा आणि खणून झाल्यावरच घालावा.

शेवटी गाडीचे. निघण्यापूर्वी विम्याच्या पॉलिसीत ऑफ-रोड संरक्षण लिहिले आहे का ते बघा, हवामान केंद्राचा पिवळा-नारिंगी-लाल इशारा बघा, आणि एकट्या गाडीने जाऊ नका. अल मरमूमसारख्या राखीव क्षेत्रांत आखलेला रस्ता सोडू नका. तिथला पोपडा एकदा फोडला की चाकोऱ्या वर्षानुवर्षे राहतात. परतल्यावर मात्र आळस नको. सबखेचा चिखल वाळला की गाडीच्या पोटाला मीठ चिकटून राहते आणि पुढची प्रत्येक धुक्याची पहाट ते पुन्हा ओले करते. ब्रेकच्या नळ्या आणि सांगाडा त्याने गंजतो. गाडी घराखाली रस्त्यावर बादली घेऊन धुऊ नका, पालिका दंड करते. त्याच संध्याकाळी धुलाई केंद्रावर न्या, आणि वरचा भाग चकचकीत करण्याआधी खालचा भाग गोड्या पाण्याच्या दाबाने धुऊन मागा.